हेराल्ड कन्व्हर्टिबल घ्यायचा विचार आहे, चासी आणि पत्रा नक्की कसा तपासायचा?

सिद्धेश_चरई
नमस्कार मंडळी, पनवेलला एक स्टँडर्ड हेराल्ड बघून आलोय, कापडी हुडवाली, लाल रंग, बाहेरून एकदम चकाचक, फोटो बघितला तर कुणीही प्रेमात पडेल. बरीच वर्षं खाडीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती असं मालक म्हणाले. इंजिनचं मला टेन्शन नाही, ते माझा मेकॅनिक बघेल. पण ड्रायव्हर साइडचं दार बंद करताना थोडं उचलावं लागतं, आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरती अगदी बारीक आहे, बोटही जात नाही, खाली मात्र चांगली रुंद आहे. मालक म्हणतात बिजागरी झिजलीय, बदलली की झालं. खरंच तेवढंच असेल का? पुढच्या रविवारी परत जाणार आहे, काय काय बघू? ठाण्यात जुन्या गाडीचं चासी समजणारं माणूस पटकन मिळत नाही म्हणून इथे विचारतोय.

जुनीगाडी_ऐरोली
सिद्धेश, फट वर बारीक आणि खाली रुंद म्हणजे गाडी मधोमध वाकायला लागलीय अशी शंका घ्यायलाच हवी. टप नसलेल्या गाडीत सगळा भार खालचाच भाग पेलतो, तो कमकुवत झाला की मधला भाग खाली बसतो आणि दाराची चौकट वरून मिटत जाते. बिजागरीचं काय ते ओळखणं सोपं आहे. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलून बघ, बिजागरीत खडखड, ढिलेपणा लागला तर मालक म्हणतात ते खरं असू शकतं, दार घट्ट असूनही फट तशीच वाकडी असेल तर दोष खाली आहे.

हेराल्डला वेगळं चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा आहे, बॉडी त्यावर बोल्टनी बसवलेली असते, हे लक्षात ठेव. म्हणजे बाहेरून दाराखाली दिसणारा पत्रा नुसता झाकण आहे, खरं बळ आतल्या दोन मुख्य रेल्स, त्यांच्यातून बाजूला निघणारे हात, म्हणजे आउटरिगर, आणि कडेच्या रेल्स यांच्यात आहे. बॉडी आणि चासीच्या मध्ये पॅकिंग असतं. तिथे एकाच जागी नवे कोरे वॉशर, पट्ट्या थरावर थर कोंबलेल्या दिसल्या तर दाराची फट जुळवायला ते केलेलं असू शकतं, त्या जागी नीट टॉर्च मार.

मग जॅक. मुख्य रेलखाली, पुढच्या चाकाच्या थोडं मागे, लाकडाचा ठोकळा ठेवून एक बाजू हळूहळू उचल आणि दाराच्या फटीकडे बघत राहा. उचलताना फट डोळ्यांदेखत बदलली किंवा दार अडकायला लागलं तर गाडी विसर. आणि खाली शिरायचं असेल तर घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर अजिबात नाही.

मनीषा_कोपरखैरणे
वरचं सगळं बरोबर, मी गंजाबद्दल लिहिते कारण आमच्याकडे बाबांचं डेंटिंगचंच काम होतं आणि खाडीकाठच्या गाड्या भरपूर बघितल्यात. मोठ्या रेल्स शेवटी सडतात, आधी जातात ते आउटरिगर आणि डिकीखालचे भाग, कारण चिखल तिथे साचतो आणि पोकळ भागात ओल कोंडून राहते, त्यात आपली खारट हवा. खाली ताजं काळंकुळकुळीत कोटिंग दिसलं तर खूश होऊ नका दादा, उलट तिथेच जास्त वेळ द्या. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. मालकांना विचारून टोकाने थोडं दाबूनही बघा, टोक आत गेलं की कळलंच. लोहचुंबक सोबत ठेवा, पुट्टी जाड असेल तिथे तो धरत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे पॅचवर पॅच. सडलेलं कापून काढायचं सोडून वरून नवी पट्टी वेल्ड करतात, वर्षभर छान दिसतं आणि आतलं पोखरणं चालूच राहतं. आतले गालिचे पूर्ण उचलायला सांगा, अर्धे नाही. हुडवाल्या गाडीत पाणी आत येतंच, आणि ते सीटखाली, पायाशी बसतं. मालक गालिचा उचलू देत नसतील तर मला तरी तेवढं उत्तर पुरे आहे.

पराग_कळवा
एक शंका. माझ्या ओळखीत एकाने फियाट ११०० ची टप कापून लग्नाच्या वरातीसाठी गाडी केलीय, मस्त चालते. मग टप काढल्याने एवढं काय बिघडतं?

जुनीगाडी_ऐरोली
पराग, फियाट ११०० मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळं चासी नाही, बॉडीच सांगाडा, तिथे टप हाच सांगाड्याचा भाग आहे. नुसती कापली आणि खाली मजबुती दिली नाही तर दाराखालच्या पट्ट्यांवर सगळं ओझं येतं, वरातीत दहाच्या स्पीडला कळत नाही, खड्ड्यात कळतं. हेराल्डची मूळ टप बोल्टने बसवलेली असते त्यामुळे ती काढता येते आणि अनेकांनी काढलीही आहे. म्हणूनच सिद्धेश, काचेच्या फ्रेमच्या वरच्या कडेला आणि सीटमागे जुन्या टपाच्या बोल्टची भोकं बुजवलेली दिसतात का ते बघ, गाडी मूळचीच कन्व्हर्टिबल आहे की टप काढून केलेली, याचा निकाल तिथे लागेल. टेस्ट ड्राइव्हला खराब रस्ताच निवड, एक हात दाराच्या वरच्या कडेवर ठेव. दार आणि काचेची फ्रेम वेगवेगळी हलताना जाणवली तर सांगाडा ढिला आहे.

वकीलकाका_वाशी
सिद्धेश, कागद विसरू नकोस. आरसीवर बॉडी टाइप काय लिहिलाय ते वाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सलूनची, म्हणजे टपवाल्या बंद गाडीची नोंद आणि उघडी गाडी असेल तर उद्या ट्रान्सफरला अडेल. आणि २०२१ च्या व्हिंटेज नियमात, म्हणजे जुन्या गाड्यांसाठीच्या व्हीए नंबर सिरीजमध्ये, न्यायची असेल तर पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली हवीत आणि चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठे बदल चालत नाहीत. शिवाय ती गाडी मग रोजच्या वापराला चालवता येत नाही. चासी नंबर स्वतः वाच, प्लेटचे रिवेट नवे आहेत का तेही बघ.

सिद्धेश_चरई
खूप आभार सगळ्यांचे. जाऊन आलो. दार उचलून बघितलं, बिजागरीत काहीच ढिलेपणा नाही. जॅक लावल्यावर वरची फट आणखी मिटली, आणि ड्रायव्हर साइडच्या पुढच्या आउटरिगरवर तीन पट्ट्या एकावर एक आहेत. आरसीवर सलून आहे. मालक किंमत बरीच कमी करायला तयार आहेत, म्हणून मन अजून अडकलंय. रबाळेला फॅब्रिकेशनवाले आहेत, चासी करून मिळेल का?

मनीषा_कोपरखैरणे
करून मिळेल, पण बॉडी उतरवून, चासी जिगवर (मापात घट्ट पकडून ठेवणाऱ्या सांच्यावर) धरून, म्हणजे अख्खी गाडी उघडणं आलं. करायच्या आधी ओळंबा सोडून दोन्ही बाजूच्या सस्पेन्शनचे पॉइंट जमिनीवर खडूने मारा आणि दोन्ही तिरके कर्ण मोजा, फरक आला तर चासी पिळलेलं आहे, मग नुसते आउटरिगर बदलून भागणार नाही. दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड केल्याशिवाय कुणाला काही कापू देऊ नका. आणि काका म्हणतात तो आरसीचा प्रश्न वेल्डिंगने सुटत नाही. मी असते तर ही सोडून टपवाली, साधी, न रंगवलेली हेराल्ड शोधली असती.