चिखोल्डनी आधुनिकता खरंच सोडली का?
छापील पानांची मांडणी आणि अक्षरवळणं घडवणारे जर्मन कलाकार यान चिखोल्ड यांनी पुढे आधुनिकतेशी फारकत घेतली, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटतं. १९२८ च्या पुस्तकात मध्यावरच्या मांडणीला (ओळी पानाच्या मधोमध बसवण्याला) ठाम नकार देणारा हा माणूस १९३३ मध्ये नाझींच्या अटकेत पडला, सुटून स्वित्झर्लंडला गेला. १९४७ ते ४९ मध्ये पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेच्या स्वस्त पुस्तकांसाठी त्यांनी अक्षरांतलं अंतर, विरामचिन्हं यांचे काटेकोर नियम घातले, पण मांडणी बरीचशी मध्यावर! जसं काम तशी मांडणी, हे इथे जळगावात छपाईच्या कामात मला पदोपदी पटतं. लग्नपत्रिका मध्यावर शोभते. रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं बिलबुक तसं मांडलं तर रक्कम शोधत बसावं लागेल. आणि चिखोल्डांचा १९६७ चा साबों टाइप (अक्षरवळण) विसरू नका: खिळ्यांची हातजुळणी आणि मोनोटाइप, लायनोटाइप ही जुळणीयंत्रं, तिन्हींवर तो एकसारखा उमटावा म्हणून घडवलेला.