सिंगापूर युनिव्हर्सल स्टुडिओज: एका दिवसात काय काय जमेल?

कुळागर:
मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरमार्गे सिंगापूरला जायचं आहे. आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा (उंची ११८ सेंमी) आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांना बीपी आहे, गुडघे दुखतात, आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. विमान पहाटे पोचतं. सामान हॉटेलवर टाकून त्याच दिवशी, म्हणजे शनिवारी, थेट युनिव्हर्सल स्टुडिओज हे राइडचं पार्क बघायचा बेत आहे. एक्स्प्रेस पास (लांब रांग टाळायचा) पाचही जणांना घ्यावा का? मुलाला कोणत्या राइड मिळतील? आणि दुपारी पाऊस आला तर दिवस फुकट जाईल का?

अंत्रुजकर:
आधी तो शनिवार बदला. जागरण झालेलं, पोट रिकामं आणि त्यात हलत्या खुर्चीची राइड, म्हणजे मुलांना ओकारी येऊ शकते. पार्कचं तिकीट तारखेचं असतं, म्हणून काढण्याआधीच मंगळवार ते गुरुवारमधला दिवस धरा. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी जूनमध्ये असते, त्यामुळे मेचा दुसरा आठवडा तुम्ही चांगला निवडलाय. तेवढ्यात तिथली सार्वजनिक सुट्टी येत नाही ना, हे मात्र बघून घ्या.

जायचं कसं: एमआरटीने (तिथली मेट्रो) हार्बरफ्रंट स्टेशन, तिथून व्हिवोसिटी मॉलचा तिसरा मजला, मग सेंटोसा बेटावर जाणारी सेंटोसा एक्स्प्रेस गाडी. पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड, तिथे उतरा. तिकीट जाताना ४ सिंगापूर डॉलर, येताना काही नाही. एमआरटीच्या गेटवर आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवून चालतं, पण बँकेच्या अॅपमध्ये परदेशी वापर आणि टॅप दोन्ही इथूनच चालू करून जा. तिथे गेटवर कार्ड अडलं की मागे रांग लागते. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, हेही ध्यानात ठेवा.

पार्क साधारण १० ते ७ असतं, तुमच्या तारखेची वेळ साइटवर बघा. साडेनऊला दारात हवं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे शरीराच्या हिशेबाने सकाळचे सात. म्हणून पहिले एकदोन दिवस शहरात काढून मग पार्क केलेलं बरं.

मांडवीकाठ:
उंचीबद्दल. मुलाला घरी अनवाणी, भिंतीला टाच लावून उभा करा आणि पुन्हा मोजा. बॅटलस्टार गॅलॅक्टिका या रोलर कोस्टरला १२५ सेंमी लागते, ममी या दुसऱ्या रोलर कोस्टरला १२२. तिथली माणसं प्रवेशाशी पट्टी लावून मोजतात आणि रडारड झाली तरी सोडत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण सीटवरचा बार ठराविक उंचीच्या अंगावरच नीट बसतो. ह्या दोन राइड त्याला नाहीत, हे इथेच सांगून ठेवा.

ट्रान्स्फॉर्मर्सला (हलत्या गाडीतली थ्रीडी राइड) १०२ पासून चालतं, पण १२२च्या आत मोठं माणूस सोबत हवं. जुरासिक रॅपिड्सला (पाण्यातली राइड) १०७, तिथेही तोच नियम. कॅनपी फ्लायर (लटकत्या खुर्च्यांची राइड) ९२ पासून. शिवाय २०२५ मध्ये मिनियन लँड सुरू झालंय, त्याच्या वयाला ते उत्तम.

आता पास. साधा एक्स्प्रेस प्रत्येक राइडला एकदाच चालतो, अनलिमिटेड कितीही वेळा. दर दिवसागणिक बदलतो आणि तो प्रवेशाच्या तिकिटाशिवाय वेगळा द्यावा लागतो. सासूबाईंना नकोच. मुलाला ज्या दोन राइड मिळणार नाहीत, तिथे रांगा मोठ्या असतात, म्हणजे त्याचा पास निम्मा वाया. आडवारी साडेनऊला दारात असाल तर कुणालाच गरज नाही. शनिवारच धरलात तर पाचांऐवजी तुमच्या मुलीला आणि सोबतच्या एका मोठ्याला घ्या. दुसरी युक्ती सिंगल रायडरची रांग: एकेकटं बसायची तयारी असेल तर रिकाम्या सीटवर लवकर नंबर लागतो. मुलगी १२२च्या वर असणारच, तिला चालेल. मुलाला नाही, त्याला ट्रान्स्फॉर्मर्समध्ये शेजारी मोठं माणूस लागतं.

आणि चाइल्ड स्विच विचारा. एक पालक बसून येईपर्यंत दुसरा मुलासोबत थांबतो, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसरा बसतो. मुलाला घेऊन रांगेच्या तोंडाशी गेल्यावर लगेच तिथल्या माणसाला सांगायचं. पहिला बसून आल्यावर सांगून उपयोग नाही.

पावसाळी_पेडणे:
पावसापेक्षा विजेचा प्रश्न मोठा. एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारनंतर गडगडाट ठरलेला. वीज जवळ आली की गॅलॅक्टिका, कॅनपी फ्लायर, रॅपिड्स सगळं बंद होतं, कारण या राइड उघड्यावर आहेत. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून क्रम उलटा लावू नका. दार उघडलं की पार्कच्या न्यूयॉर्क विभागातून सरळ सायफाय सिटी विभागात, आधी गॅलॅक्टिका, मग रॅपिड्स, मग कॅनपी फ्लायर. ट्रान्स्फॉर्मर्स आणि ममी छताखाली आहेत, ती दुपारसाठी ठेवा. ढग काळे झाले आणि वारा सुटला की पहिल्या थेंबाची वाट न बघता ट्रान्स्फॉर्मर्सच्या रांगेत उभे राहा. बाहेरचं बंद झालं की अख्खं पार्क तिथेच धावतं. पार्कच्या अॅपवर प्रत्येक राइडपुढे प्रतीक्षेची मिनिटं दिसतात.

रेनकोट इथूनच न्या. रॅपिड्समध्ये बूट भिजले की दिवसभर पाय आंबतात, तेव्हा फ्लोटर घाला आणि मोजे नकोत.

शिरवडे:
सासूबाईंसाठी: ममी अंधारातला वेगवान रोलर कोस्टर आहे, गॅलॅक्टिका तर विचारूच नका. ट्रान्स्फॉर्मर्सची गाडीही मानेला हिसके देते, स्पाँडिलायसिस असेल तर टाळा. वॉटरवर्ल्डचा (पाण्यातल्या स्टंटचा) खेळ मात्र त्यांना नक्की दाखवा, वीस मिनिटं आधी जा आणि मागच्या रांगेत बसवा. पुढच्या रांगांवर खरोखर बादलीने पाणी येतं. व्हीलचेअर दाराजवळ भाड्याने मिळते. चालू शकत असल्या तरी घ्या, अर्ध्या दिवसानंतर गुडघे बोलू लागतात.

जेवण: बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, औषधं आणि पाण्याची बाटली चालते. तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तरी अंडं असू शकतं, आणि मिरचीच्या वाटणात सुकी कोळंबी असते, आपल्या गालम्याचीच (बारीक सुकी कोळंबी) जात. त्यामुळे अंडं नको, फिश सॉस नको, ऑयस्टर सॉस नको, बेलाचान (कोळंबीचं वाटण) नको, अशी चार नावं इंग्रजीत लिहून काउंटरवर दाखवा. साडेअकराला जेवा, बाराला टेबल मिळत नाही. सकाळी हॉटेलवर पोटभर खाऊनच निघा.

कुळागर:
मंगळवार धरला. लॉकरचं काय? मंगळसूत्र, चष्मा, फोन?

मांडवीकाठ:
गॅलॅक्टिका आणि ममीला खिशातलं सगळं लॉकरमध्ये. सुरुवातीचा ठराविक वेळ फुकट, पुढे पैसे लागतात, म्हणून सामान सासूबाईंकडे देऊन एकेकाने जाणं सोपं. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवून वर पिन लावा, नाहीतर सरळ काढून ठेवा. चष्म्याला मागून दोरी हवी. म्हापशाच्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिळते, सिंगापुरात घेतलीत तर डॉलरात मोजावे लागतील.