मदत हवी आहे : एचओमधला आयसीएफ स्लीपर डबा, बाजू आत दबल्या आणि वळणाच्या तोंडाशी घसरतो

लूपलाइन (मूळ प्रश्न)

मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये (१:८७) आयसीएफचा (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा) बिनएसी स्लीपर डबा स्टायरीन प्लॅस्टिकच्या शीटमधून बांधतोय. बॉडी, छप्पर, बोग्या (म्हणजे डब्याखालच्या चार-चार चाकांच्या फिरत्या चौकटी) तयार आहेत, रंग बाकी आहे. तीन ठिकाणी अडलंय.

आधी मापं देतो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. खऱ्या डब्याची बॉडी २१,३३७ मिमी लांब आणि ३,२४५ मिमी रुंद, दोन बोग्यांच्या केंद्रांमधलं अंतर १४,७८३, एका बोगीतल्या दोन धुऱ्यांमधलं २,८९६, चाकाचा व्यास ९१५. मॉडेलमध्ये अनुक्रमे २४५, ३७.३, १६९.७, ३३.२ आणि १०.५ मिमी.

१) बाजूच्या भिंती दोन थरांच्या आहेत: आत १ मिमी शीट, बाहेर ०.५ मिमी. एमईके सॉल्व्हेंटने पूर्ण पृष्ठभागावर चिकटवल्यात. पहिले काही दिवस पट्टीसारख्या सरळ होत्या. तीन आठवड्यांनी खिडक्यांच्या पट्ट्यात मध्यभागी दीड-दोन मिमी आत दबल्या. दोन्ही बाजू तशाच.

२) १८ इंच त्रिज्येच्या वळणावर डबा घसरतो. वळणाच्या मध्यावर कधीच नाही, वळण सुरू होतं तिथे आणि उलट वळणाच्या जोडावर. ओढताना कधीतरी, ढकलताना नेहमी. कपलर (डबे जोडणारे आकडे) बॉडीला फ्लोअरखाली बसवलेत, दांडी आखूड आहे. डब्याचं वजन सध्या ११० ग्रॅम.

३) जुना मरून रंग द्यायचाय. फ्लोअरखाली एअर ब्रेकचे सिलिंडर आणि टाक्या बसवल्यात. चालेल का?

कॅलिपर

पहिल्या प्रश्नाचं कारण तुमच्या वर्णनातच आहे: "पूर्ण पृष्ठभागावर". एमईके स्टायरीन विरघळवतो, फुगवतो आणि मग हळूहळू उडून जातो. कडेचा सॉल्व्हेंट तासाभरात उडतो, पण दोन शीटांच्या मध्ये अडकलेल्याला वाट नसते, तो प्लॅस्टिकमधून झिरपत आठवडे घेतो. जाताना ज्या थरात तो मुरलेला होता तो थर आकसतो. तुमचा बाहेरचा थर पातळ, म्हणून त्याच्या जाडीच्या मानाने तो जास्त मुरला आणि जास्त आकसला. बाहेरचा थर आकसला की भिंत बाहेरून खोलगट होणार, म्हणजे मध्यभाग आत जाणार. नेमकं तेच झालंय. खिडक्या कापल्यामुळे त्या पट्ट्यात मटेरियल कमी, म्हणून तिथेच सर्वात जास्त.

दुरुस्ती होण्यासारखी आहे, बाजू फेकू नका. छप्पर सुटं असेल तर उत्तमच. स्लीपरमध्ये प्रवाशांचे नऊ कप्पे असतात आणि त्यांच्यामधल्या पार्टिशन खऱ्याच असतात, त्यांचाच उपयोग करा. १ मिमी शीटच्या पार्टिशन कापा. रुंदी ३७.३ उणे दोन्ही भिंतींचे दीड-दीड, म्हणजे ३४.३ मिमी; प्रत्यक्षात ३४.२ ठेवा. सगळ्या एकत्र टेपने बांधून एकदमच घासा, म्हणजे रुंदीत फरक राहणार नाही. आठ पार्टिशन आणि दोन्ही टोकांना संडासाच्या भिंती एवढ्या पुरतात. चिकटवताना टोकांकडून मध्याकडे या. मधली पार्टिशन आधी ठोकली तर ताण एकाच जागी येतो आणि खिडकीचा कोपरा तडकतो.

त्याशिवाय खिडक्यांच्या खालच्या कडेला आतून १.५ मिमीचा पितळी एल-अँगल पूर्ण लांबीभर इपॉक्सीने लावा. इथे सॉल्व्हेंट नको, सायनोही (सुपरग्लू) नको. सायनोचा सांधा कडक आणि ठिसूळ असतो, पितळ आणि स्टायरीन उन्हाळ्यात कमीजास्त वाढले की सुटतो.

पुढच्या डब्यासाठी: आतल्या शीटला दर १५ मिमीवर १ मिमीची भोकं पाडा. ब्रश जेमतेम ओला ठेवा, फक्त कडांना आणि भोकांतून लावा, केशाकर्षणाने तो आत ओढला जातो. मग टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून दोन जाड काचांमध्ये वजनाखाली दोन दिवस. टिश्यू विसरू नका, वाफेला बाहेर जायला जागा लागते. आणि फ्लोअरला ३ मिमीची चार भोकं ठेवा. छप्पर कायमचं बंद केलेल्या डब्यात उरलेली वाफ कोंडते आणि सहा महिन्यांनी सगळा डबा केळ्यासारखा वाकतो.

खिडक्यांच्या गजांसाठी आतून सलग तार ओढणार असाल तर ती ताणून चिकटवू नका. प्रत्येक बाजूला चार-पाच तारा ताणलेल्या असतील तर त्यांचा ओढा भिंतीला वाकवायला पुरेसा होतो.

रूळपट्टी

घसरण्याबद्दल. तुम्ही नोंदवलेली जागा फार उपयोगी आहे. वळणाच्या मध्यावर लागोपाठच्या दोन डब्यांची टोकं सारखीच बाहेर गेलेली असतात, त्यामुळे कपलरला काही त्रास नाही. वळणाच्या तोंडाशी पुढचा डबा वळलेला आणि मागचा सरळ रुळावर असतो. हिशोब करा: १६९.७ मिमी केंद्रांतर आणि ४५७ मिमी त्रिज्या असताना बॉडी बोगीच्या मानाने १०.७ अंश फिरते. बोगीच्या केंद्राबाहेर बॉडी ३७.७ मिमी लोंबते. म्हणजे टोक बाजूला ७ मिमी सरकलं, आणि मागच्या डब्याचं टोक मात्र रुळाच्या मध्यावरच. आखूड दांडीचा कपलर ७ मिमी बाजूला जाऊच शकत नाही. मग तो बॉडी ओढतो, बॉडी बोगीला ओढते, आणि चाकाची कड रुळावर चढते. उलट वळणावर दोन टोकं विरुद्ध दिशांना जातात, फरक जवळजवळ दुप्पट. ढकलताना जोर तिरका लागतो म्हणून तिथे हमखास.

त्रिज्या २४ इंच केली तर ७ चे ५.२ होतात, ३० इंचाला ४.२. मांडणी बदलता येत नसेल तर दोन गोष्टी करा. उलट वळणांच्या मध्ये किमान एका डब्याइतका, म्हणजे २५० मिमी, सरळ रूळ घाला. आणि कपलरची दांडी लांब करून तिचा खिळा बोगीच्या केंद्राच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, खोबणी रुंद ठेवा, मध्यावर परत आणायला पातळ फॉस्फर ब्राँझची पट्टी. रेक (डब्यांची माळ) कायमचा जोडलेला राहणार असेल तर मधल्या डब्यांना कपलरऐवजी साधा ड्रॉबार, म्हणजे सरळ जोडदांडी, सर्वात निर्धोक.

गँगवे (एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट) आणि बफर याच वळणावर तपासा. खऱ्या डब्याची लांबी बफरसकट २२,२९७ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये दोन बॉडींमध्ये ११ मिमी फट मिळते. १८ इंचावर आतल्या बाजूचे कोपरे मिळून १० मिमी जवळ येतात. बॉडीचे कोपरे जेमतेम वाचतात, पण मध्ये पायरी, पाइप, शिडी असं काही बाहेर आलं की अडकलंच.

यार्ड_नं_२

एवढं करण्यापेक्षा कपलर थेट बोगीला लावा. बोगीबरोबर फिरतो, प्रश्नच मिटतो.

रूळपट्टी

ओढायला चालतं, ढकलायला नाही. बोगीला लावलेल्या कपलरवर मागून दाब आला की बोगी आपल्या खिळ्याभोवती तिरकी होते आणि तिचं पुढचं चाक रुळावर चढतं. लूपलाइन यांची तक्रार ढकलतानाचीच जास्त आहे, त्यांच्यासाठी ते वाढेलच. लहान बोगीवाल्या वॅगनला ठीक, २४५ मिमीच्या डब्याला नको.

कॅलिपर

सहमत. त्यात भर: वजन. एनएमआरएची (अमेरिकेतली मॉडेल रेल्वे संघटना) शिफारस एचओसाठी १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. ९.६५ इंचाच्या डब्याला साधारण १६५ ग्रॅम. तुमचे ५५ कमी आहेत. ब्रॉडगेजच्या डब्याला हे जास्त महत्त्वाचं, कारण १,६७६ मिमीचं गेज या स्केलला १९.२ मिमी व्हायला हवं आणि आपण १६.५ च्या रुळावर चालवतो. बॉडी पूर्ण रुंद आणि पाया अरुंद. वजन फ्लोअरवर, खिडकीच्या खाली, दोन्ही बोग्यांच्या आसपास विभागून ठेवा.

टायर बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या टायरच्या दुकानात मिळतात, ५ आणि १० ग्रॅमच्या, हिशोबाला सोप्या. शिसं वापरलंत तर ते पांढऱ्या गोंदाने, म्हणजे पीव्हीएने, कधीही चिकटवू नका. बंद जागेत शिशावर पांढरा थर धरतो, तो फुगतो आणि कालांतराने भिंती फाकवतो. इपॉक्सीच.

लूपलाइन

धन्यवाद. मोजमाप केलं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एका धुऱ्यावर १४.१, बाकी तिन्हींवर १४.४ मिमी. डबा काचेवर ठेवला तर एका कोपऱ्यातलं चाक उचललेलं राहतं, खालून कागद सहज सरकतो. दोन्ही बोग्यांचे एम२ स्क्रू घट्ट आहेत.

रूळपट्टी

मग अर्धं कारण इथेच सापडलं. १४.१ वाली जोडी आधी सरळ करा. १४.४ मिमीचा पितळी किंवा ऍक्रिलिकचा ठोकळा मध्ये धरून चाक हलकं फिरवत बाहेर ओढा. पुन्हा सरकलं तर धुऱ्यावर सायनोचा एक बारीक थेंब. जोडी बदलायची झाली तर अमेरिकन ३६ इंची चाक घ्या. खरं ३६ इंच म्हणजे ९१४ मिमी, आयसीएफच्या ९१५ ला तंतोतंत. ब्रिटिश ओओ स्केलची जोडी घेतलीत तर तिचा धुरा २६ मिमीचा असतो, बोगीच्या चौकटीत बसतो का ते आधी मोजा. लांब पडला तर चौकट फाकते आणि चाक जड फिरतं.

आता काचेवरचं चाक. चार टेकूंची वस्तू असमान जमिनीवर डुलतेच, म्हणून डबा तीन टेकूंवर उभा करायचा. एका बोगीच्या बोल्स्टरवर (मधल्या आडव्या तुळईवर) स्क्रूच्या डाव्या-उजव्या बाजूंना, केंद्रापासून ५ मिमीवर, १ मिमीच्या अर्धगोल पट्टीचे दोन छोटे तुकडे आडवे चिकटवा. ही बोगी पुढे-मागे झुकेल, बाजूला डुलणार नाही. दुसऱ्या बोगीला स्क्रूभोवती फक्त ४ मिमी व्यासाचा, १ मिमी जाडीचा वॉशर द्या. ही सगळीकडे झुकेल. डब्याचा तोल पहिली सांभाळते, रुळाचे उंचसखलपण दुसरी. एम२ चा आटा ०.४ मिमीचा असतो, तेव्हा स्क्रू पूर्ण आवळून पाऊण फेरा उलटा फिरवला की ०.३ मिमी ढिलाई मिळते, तेवढी पुरे. नायलॉन इन्सर्टवाला नट लावा, नाहीतर आट्यावर नेलपॉलिशचा थेंब, नाहीतर चालता चालता स्क्रू सुटतो.

बोगी हाताने दोन्हीकडे ११ अंश फिरवून बघा. चौकटीचं टोक बाजूला जवळजवळ ४ मिमी येतं. दाराखालच्या पायऱ्यांना ते घासत असेल तर पायरीची आतली बाजू घासून पातळ करा, बाहेरून कळत नाही.

पेरंबूर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. मरून रंग हा व्हॅक्यूम ब्रेकच्या काळाचा. नव्वदच्या दशकात एअर ब्रेकचे डबे ओळखू यावेत म्हणून गडद निळा आणि खिडक्यांच्या पट्ट्यात फिकट निळा आला. त्यामुळे मरूनखाली एअर ब्रेकच्या टाक्या जाणकाराला खटकणार. एकतर व्हॅक्यूम सिलिंडर बसवा, नाहीतर रंग निळा घ्या. काम झालेलं आहे तर निळा सोपा.

बाकी खालचा भाग दोन्हीत बराचसा सारखा: ११० व्होल्टच्या बॅटऱ्यांची पेटी, आणि धुऱ्यावरच्या पुलीवरून पट्ट्यांनी फिरणारा अल्टरनेटर. बिनएसी डब्याला ४.५ किलोवॉटचा एकच असतो, म्हणून पुली एकाच बोगीवर दाखवा. पाण्याची टाकी खाली लावू नका, ती संडासाच्या वर छपरात असते.

लूपलाइन

निळा नक्की केला. फिकट पट्टा आधी की गडद रंग आधी? आणि काचा कधी?

पेरंबूर

फिकट आधी. फिकटावर गडद निळा एक-दोन हातांतच नीट बसतो, उलट केलंत तर फिकटाचे चार हात चढवावे लागतात आणि कडेला पायरी होते. राखाडी प्रायमर, मग फिकट निळा, पूर्ण एक दिवस वाळवा. पट्ट्यावर मास्किंग टेप लावून कड नखाने दाबा आणि टेपच्या कडेवर पुन्हा एक पातळ हात फिकटाचाच मारा. रंग झिरपायचा असेल तर तोच झिरपेल, गडद नाही. गडद निळा दोन पातळ हातांत. टेप रंग हाताला चिकटेनासा होताच काढा, तिरकी मागे दुमडत. ऑटोमोबाइलच्या स्प्रेचा थिनर स्टायरीनला खातो, म्हणून तो लांबून, धुक्यासारखा, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर.

अक्षरांचे डेकल (पाण्याने सोडवून चिकटवायची छापील अक्षरं) चकचकीत क्लिअर कोटवरच लावा, मॅटवर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. काचा सर्वात शेवटी, मॅट कोटनंतर, आणि पांढऱ्या गोंदाने. सायनोची वाफ बंद डब्यात पारदर्शक शीटवर पांढुरका थर चढवते आणि तो पुसून जात नाही.