पावडरसाठी (ताज्या, कोरड्या बर्फासाठी) रुंद पण चढायला हलकी स्की: १०५ मिमी घेऊ की १०७? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे स्की टूरिंग, म्हणजे लिफ्टशिवाय स्कीवरच डोंगर चढून मग उतरणं, करणारं कुणी आहे का?

मी सॉल्ट लेक सिटीत राहते. पाच वर्षं लिफ्टच्या उतारांवर स्कीइंग केलं, गेल्या हिवाळ्यात हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स करून टूरिंग सुरू केलं. बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी), फावडं आहे. युटा ॲव्हलांच सेंटरचा अंदाज वाचल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. अडलंय ते स्कीपाशी.

सध्याची स्की बुटाखाली ८८ मिमी रुंद, त्यावर फ्रेम बाइंडिंग (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग). म्हणजे प्रत्येक पावलाला टाचेबरोबर अख्खा सांगाडा उचलायचा. फेब्रुवारीत अल्टाजवळच्या ग्रिझली गल्चमध्ये गुडघाभर ताजा बर्फ होता, अगदी पिठासारखा कोरडा. चढ कसाबसा संपवला. उतरताना दुसऱ्याच वळणावर दोन्ही टोकं बर्फात घुसली आणि मी तोंडावर आपटले. एक स्की निघाली ती कुठे गेली कळेना. वरून बर्फ असा सपाट, जणू तिथे काही पडलंच नाही. प्रोबने टोचत टोचत शोधायला पाऊण तास लागला, बोटं बधिर झाली.

म्हणून आता पिन बाइंडिंग (चढताना बुटाचं फक्त पुढचं टोक दोन पिनांत धरणारं, हलकं) आणि रुंद स्की घ्यायचं ठरवलंय. दुकानात थेट ११२ मिमीची हातात ठेवली, माझं वजनही न विचारता. मला भीती वेगळीच आहे. एप्रिलमध्ये सकाळी बर्फ काचेसारखा कडक असतो. तेव्हा उतार आडवा कापताना रुंद स्कीची कड पायापासून लांब पडते, स्की पायाखाली कलंडू बघते आणि सगळा भार घोट्यावर येतो. शिवाय चढताना तळाला चिकटवायची स्किनही रुंद, म्हणजे आणखी वजन.

माझी उंची १६२ सेंमी, वजन ५६ किलो, एक बूट १,२५० ग्रॅम. ब्लिझर्डची झीरो जी १०५ आणि ॲटॉमिकची बॅकलँड १०७ मनात आहेत. कुणी वापरल्यात का? एवढ्या हलक्या बुटाने १०७ वळेल का? आणि लांबी किती घेऊ?

प्रतिसाद

ताई, ५६ किलोला ११२ची गरज नाही. ८० किलोच्या माणसाला ११० जेवढी तरंगवते तेवढी तुम्हाला १०० तरंगवेल. टोकं बुडण्यावर रुंदीपेक्षा रॉकर, म्हणजे टोकाचा वर वळलेला भाग, जास्त कामाला येतो. तो लांब आणि मऊ असलेली ९८ ते १०२ बघा. तुमचा बूट १०७ पावडरमध्ये वळवेल, पण कडक बर्फावर थकवेल.

अगदी हलकी कार्बनची मात्र टाळा. वर पापुद्रा धरलेल्या बर्फावर ती पाय झटकते, हे मी गुडघ्यावर सोसलंय. एका स्कीला १,४०० ग्रॅमच्या आसपास ठीक. लांबी उंचीएवढीच, नाहीतर किक टर्नला (चढावर एकेक स्की उचलून दिशा बदलताना) शेपटी अडकते. घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणून चढून बघा.

आणि बाइंडिंगला दीड-दोन मीटरची भडक रंगाची फीत बांधून पँटच्या पायात खुपसून ठेवा. स्की निघाली तर फीत बर्फावर दिसते, प्रोब काढावा लागत नाही.