पिकअपमध्ये हजार लिटरची टाकी, मागे फवारणीचा ट्रेलर: पाटे वाढवू की हेल्पर पाटा टाकू?

मोसंबीबाग, अंबड

गाडी दीड टनी पिकअप, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), प्रत्येक बाजूला 8 मिमी जाडीचे 7. हौद्यात 1000 लिटरची पाण्याची टाकी. मागे दोनचाकी ट्रेलर, त्यावर एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि 500 लिटरची टाकी. ट्रेलरची नोंदणी वेगळी आहे. जाताना दोन्ही टाक्या भरलेल्या, येताना रिकाम्या.

भरल्यावर गाडी मागून 75 मिमी बसते. शिवाररस्त्यावर खड्ड्यात पाटे रबर बफरवर आदळतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, स्टेअरिंग हलकं लागतं. पन्नासच्या पुढं ट्रेलर झुलतो. एक मिस्त्री म्हणतो दोन पाटे वाढवा, दुसरा म्हणतो एक्सल आणि चेसिसच्या मध्ये हवेचे रबरी फुगे बसवा. नेमकं काय करावं?

वजनकाटा, जालना

भाऊ, पाट्याला हात लावायच्या आधी वजनकाट्यावर जा. ट्रेलर जोडून, दोन्ही टाक्या भरून तीन वजनं घ्या: फक्त पिकअपची पुढची चाकं काट्यावर, मग पिकअपची चारही चाकं, मग ट्रेलरसकट सगळं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मागच्या एक्सलचा भार निघतो. तो एक्सलच्या मर्यादेशी आणि टायरशी ताडून पाहा. टायरवरच्या भाराच्या आकड्यात (लोड इंडेक्स) 107 म्हणजे एका टायरला 975 किलो, 110 म्हणजे 1060, 112 म्हणजे 1120. दुसरं वजन आरसीवरच्या एकूण वजनाच्या पुढं गेलं असेल, तर कुठलाही पाटा ते कायदेशीर करत नाही. पाट्यानं गाडीची उंची टिकते, क्षमता वाढत नाही. जादा वजनाचा दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

आता हलक्या स्टेअरिंगचं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 3 मीटर धरा. टाकीचा मध्य मागच्या एक्सलच्या 30 सेंमी मागं असेल, तर टाकीसकट 1060 किलोमुळं पुढच्या चाकांवरून 106 किलो उचलले जातात. वर ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे 100 किलो एक्सलपासून 1.2 मीटर मागं, म्हणजे आणखी 40 किलो गेले. दीडशे किलोनं पुढचं हलकं झालं की ब्रेक आणि वळण दोन्ही बिघडतात. टाकी केबिनकडं सरकवा, तिचा मध्य एक्सलच्या पुढं आला पाहिजे. हे फुकट होतं आणि निम्मा त्रास इथंच मिटतो.

मोसंबीबाग, अंबड

टाकी सरकवता येईल, जागा आहे. पण झुलणं?

वजनकाटा, जालना

झुलण्याचं मूळ बहुतेक दांड्यावर भार कमी असण्यात असतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांड्यावर हवा. ट्रेलर 750 किलोचा असेल तर 75 ते 110 किलो. आडतीवरचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांडा जोडणीच्या उंचीला टेकवा आणि मोजा. टाकी ट्रेलरच्या चाकांच्या मागं असेल तर पुढं घ्या. फवारणीत पाणी संपत जाईल तसा हा भार बदलतो, म्हणून अर्ध्या टाकीवरही मोजा. अर्धी टाकी हेलकावते, आत आडव्या पट्ट्या नसतील तर रस्त्यावर ती एकतर भरलेली न्या नाहीतर रिकामी.

कमानपाटे, लातूर

पाटे वाढवण्याबद्दल. ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनानं. तुमच्या 7 पाट्यांत 8 मिमीचा एक टाकला तर साधारण 14 टक्के, 10 मिमीचा एक टाकला तर जवळपास 28 टक्के. इथंच फसगत होते. सगळे पाटे सारखेच वाकतात, त्यामुळं जाड पाट्यावर ताण जास्त येतो आणि आधी तोच तुटतो. शिवाय येताना गाडी रिकामी, म्हणजे अर्धा प्रवास ती उड्या मारणार.

तुमच्या कामाला हेल्पर, म्हणजे भार आल्यावरच कामाला लागणारा जादा पाटाच बरा. तो संचाच्या वर बसतो आणि गाडी खाली आल्यावरच चेसिसच्या ब्रॅकेटला टेकतो. रिकाम्या गाडीला फट 35 ते 40 मिमी ठेवा, म्हणजे निम्म्या भाराच्या आसपास तो कामाला लागेल. ब्रॅकेट नसतील तर बोल्टनं बसवा. पाट्याला वेल्डिंग किंवा नवं भोक अजिबात नको, वेल्डिंगचा शिंतोडा पडला तरी तिथून तडा जातो.

सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) आणि यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) नवे, लांब, हाय टेन्साइल घ्या. जुने ताणलेले असतात. यू-बोल्ट चाकं जमिनीवर ठेवून, आळीपाळीनं, गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर आवळा. 100 किलोमीटरला पुन्हा आणि 500 ला पुन्हा. ढिला यू-बोल्ट म्हणजे सेंटर बोल्ट तुटणार आणि एक्सल सरकणार. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी गेली की पाटे धुऊन काढा, चिखलात बोल्ट ढिला झालेला दिसत नाही.

जुन्या पाट्याची कमान मोडली असेल तर ठोकून भरून घेऊ नका. ती पुन्हा बसते. तो पाटाच बदला.

हवा_आणि_ब्रेक, बीड

फुगे वाईट नाहीत, भार रोज बदलतो तिथं सोयीचे असतात. पण रिकाम्यातही त्यांना कंपनीनं सांगितलेली किमान हवा लागते, नाहीतर रबर घडीत चिमटून फाटतं. दोन्ही बाजूंना वेगळी नळी घ्या. एकच नळी असेल तर वळणावर हवा एका फुग्यातून दुसऱ्यात जाते आणि गाडी जास्त कलते. सायलेन्सरपासून लांब बसवा. आणि एवढं ध्यानात ठेवा, फुग्यांनी मागची बाजू वर येते, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. तेव्हा टाकी सरकवणं टळत नाही.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडीनं जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसली यावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. हेल्पर किंवा फुगे बसवल्यावर गाडी कमी बसते, त्याला वाटतं भार कमी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो. भरलेल्या गाडीला हे घातक आहे. काम झाल्यावर तो व्हॉल्व्ह पुस्तकाप्रमाणं जुळवून घ्या. शॉकॲब्सॉर्बर गळत असतील तर तेही याच वेळी बदला. हेडलाइट मात्र सगळ्यात शेवटी, भरलेल्या गाडीवर जुळवून घ्या.

मोसंबीबाग, अंबड

आधी काटा आणि टाकी, मग हेल्पर. व्हॉल्व्हची दांडी आहे, आत्ताच खाली वाकून पाहिली. तिन्ही वजनं घेऊन इथंच टाकतो.