जुनी स्पोर्ट्स कार आणि ‘वाया गेलेले’ तपासणीचे पैसे

मागचा_धुरा:

परवा इथे एकाने लिहिलं, ‘जुनी स्पोर्ट्स कार घेताना बाहेरच्या मेकॅनिककडून तपासून घेणं म्हणजे पैसे वाया. सर्व्हिस बुक भरलेलं आहे, डीलरने दीडशे मुद्द्यांची यादी दिली आहे, गाडी चालवून बघितली, झालं.’ खाली माना डोलावणारेही बरेच निघाले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या दीडशे मुद्द्यांत वायपर येतो, काचा येतात, एसी येतो. सिलिंडरची भिंत येत नाही. उदाहरणार्थ, २००५ ते २००८ मधली पोर्शा ९११ (९९७ या पिढीची पहिली आवृत्ती, ३.६ किंवा ३.८ लिटर) घ्या. या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात, बहुतेक वेळा सहाव्या सिलिंडरपासून सुरुवात होते. पिस्टनचा खालचा घेर भिंतीवर घासतो, पण वरच्या रिंगा बराच काळ हवा धरून ठेवतात. त्यामुळे कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नीट येतं, लीकडाउनही (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजणं) नीट येतं आणि चाचणी फेरीत गाडी झकास पळते. पकडायचं तर बोअरस्कोपच हवा. पिस्टन तळाला आणून, बाजूला बघणारा कॅमेरा स्पार्क प्लगच्या भोकातून आत घालायचा आणि भिंतीचा खालचा भाग बघायचा. ऑइल सम्प (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) काढून खालून बघितलं तर आणखी स्पष्ट दिसतं. सहाही सिलिंडरचे फोटो क्रमांक घालून मागा, ‘सगळं ओके’ या शेऱ्यावर भागवू नका.

वर्कशॉप निवडताना दोन गोष्टी बघा. त्या मॉडेलची इंजिनं तिथे प्रत्यक्ष उघडली जातात का? आणि ही गाडी तिथे आधी सर्व्हिसला येत होती का? येत असेल तर ते वर्कशॉप बाद, कारण स्वतःच्याच कामात खोट कोण काढेल? विकणाऱ्याला आधी कळवा की गाडी रात्रभर बंद आणि इंजिन थंड हवं. पहिल्या मिनिटातली चेनची खडखड आणि निळा धूर गरम इंजिनात लपतो. याउलट ओरखड्यांची टकटक इंजिन तापल्यावर वाढते, म्हणून दोन्ही अवस्थांत ऐकायचं. रिपोर्ट तुमच्या नावावर घ्या, विकणाऱ्याच्या नाही.

टॉर्क_रेंच:

विकणाऱ्याचा विचार कुणी करणार की नाही? अनोळखी वर्कशॉपमध्ये माझी गाडी लिफ्टवर चढवायची, प्लग काढायचे, खालची पॅनेलं उतरवायची. अॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधून इंजिन गरम असताना प्लग काढला की आटे सोलले जातात. खालच्या पॅनेलच्या प्लॅस्टिक क्लिपा तुटतात आणि मग पॅनेल वेगात फडफडतं. घेणारा ‘नको’ म्हणून निघून जातो, निस्तरायचं मालकाने.

दुसरं म्हणजे हे रिपोर्ट. तळाला बारीक अक्षरांत असतं, ‘तपासणीच्या दिवशीची स्थिती, पुढची जबाबदारी नाही’. मग त्याला अर्थ काय? तेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला काढा, जास्त उपयोगी पडतील.

मागचा_धुरा:

आटे सोलले जातात हे खरं, म्हणूनच प्लग थंड इंजिनातून काढायचे आणि बसवताना हाताने फिरवून मग ठरलेल्या टॉर्कला आवळायचे. नवे प्लग घेणाऱ्याच्या खर्चाने. नुकसान झालं तर कोण भरेल हे गाडी आत जाण्याआधी लेखी ठरवायचं.

जबाबदारीचं म्हणाल तर रिपोर्ट हा विमा नाहीच. गाडी घ्यायची की नाही आणि कितीला, हे त्यावरून ठरतं. आणि बाजूला काढलेल्या पैशांत पूर्ण इंजिन बांधून होत नाही.

लाल_रेषा:

बोअरस्कोपवर एवढं लिहिलंत आणि ओव्हर-रेव्हचा (इंजिन मर्यादेपलीकडच्या वेगाने फिरण्याचा) एक शब्द नाही? मॅन्युअल पोर्शा असेल तर पहिलं काम ईसीयूतले (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले) आकडे काढणं. इंजिन किती वेगात गेलं त्याच्या नोंदी तिथे टप्प्यांत असतात. ९९६मध्ये (९९७च्या आधीची ९११) दोन टप्पे, ९९७मध्ये सहा. खालचे टप्पे लिमिटरला (इंजिनाचा वेग रोखणारी यंत्रणा) भिडूनही भरतात. चौथ्यापासून वरचे मात्र चुकीचा गिअर पडल्याशिवाय भरत नाहीत. पाचव्यातून चौथा टाकताना दुसरा पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे लिमिटर काही करू शकत नाही. चार, पाच, सहा यांत एकही आकडा दिसला तर गाडी सोडा. चर्चा नको.

सहा_सिलिंडर:

‘एकही आकडा’ म्हणजे काय मोजताय हे तरी बघा. तिथे गिअर चुकल्याच्या घटना मोजलेल्या नसतात, प्रज्वलनं (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याच्या वेळा) मोजलेली असतात. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन प्रज्वलनं, म्हणजे ८००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) सेकंदाला ४००. चौथ्या टप्प्यात १०० दिसले म्हणजे पाव सेकंद. शेजारीच शेवटची नोंद इंजिन एकूण किती तास चालल्यावर झाली तेही असतं. नोंद ६०० तासांवरची आणि इंजिन आज १५०० तासांवर असेल, तर त्यानंतर ते ९०० तास चाललंय. व्हॉल्व्ह वाकला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. अशा चांगल्या गाड्या लोक तुमच्यासारख्यांचं ऐकून सोडून देतात याचा राग येतो.

लाल_रेषा:

व्हॉल्व्ह वाकला तर लगेच कळतं, मान्य. कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बोल्ट ताणले गेले तर? ते लीकडाउनमध्ये दिसत नाहीत, बोअरस्कोपमध्येही नाहीत. दिसतात ते रॉड ब्लॉक फोडून बाहेर आल्यावर. ९०० तासांत काही झालं नाही म्हणजे पुढे होणार नाही, असं धातूची थकावट समजणारा माणूस म्हणणार नाही.

सहा_सिलिंडर:

मग त्याच न्यायाने ट्रॅकवर चाललेली प्रत्येक गाडी बाद करा! पाचव्या-सहाव्या टप्प्यात नोंद आणि तीही ताजी असेल, तर मीही सोडेन. चौथ्यात थोडी, जुनी नोंद आणि लीकडाउन सगळीकडे दहा टक्क्यांच्या आत असेल, तर घेईन. तुमच्या नियमाने तासांची नोंद वाचायचीच गरज उरत नाही, आणि खरी माहिती तिथेच आहे.

लाल_रेषा:

तासांचं महत्त्व मी नाकारलेलं नाही. उलट ते आणखी एका कामाला येतात. किलोमीटरला तासांनी भागा. साधारण वापरात सरासरी ताशी ४० ते ६० किमी निघते. ओडोमीटर ४५,००० आणि तास १,९००, म्हणजे २४ किमीच्याही खाली. गाडी कायम गर्दीत अडकलेली असेल, नाहीतर मीटर मागे फिरवलेला. तास किलोमीटरच्या मानाने फारच कमी असतील तर ईसीयू बदललाय का ते शोधा, कारण त्याबरोबर ओव्हर-रेव्हचा इतिहासही गेला. चौथ्या टप्प्याबद्दल मात्र माझं मत तेच.

पितळी_गाइड:

सगळा धागा पोर्शात अडकला. ज्याने खरं नुकसान होतं ते ‘कमी किलोमीटर’चं वेड कुणाला दिसतच नाही. फेरारी एफ३५५चा टायमिंग बेल्ट वर्षं मोजून बदलायचा असतो, गाडी उभी असली तरी, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. याच गाडीच्या सुरुवातीच्या इंजिनांतले ब्राँझचे व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या) झिजतात. तिथे लीकडाउन करायलाच हवं, आणि हवा कुठून जाते तेही ऐकायला हवं. एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. रिपोर्टात नुसता टक्का लिहिणारा अर्धंच काम करतो.

उभ्या गाडीचे सील सुकतात, ब्रेकचं तेल पाणी ओढतं. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचे टायर चांगले ठरत नाहीत. दरवर्षी चालवलेली, ऑइल बदललेली जास्त किलोमीटरची गाडी मी आधी घेईन.

टॉर्क_रेंच:

हे पटलं. पण मग बीएमडब्ल्यूवाल्यांनाही सांगा. ई४६ एम३ घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकत बसतात आणि मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो सांगाडा) जिथे बॉडीला धरते तिथला पत्रा बघत नाहीत. तिथे भेगा पडतात. ताजं अंडरकोटिंग (गाडीच्या तळाचा संरक्षक लेप) फासलेलं दिसलं तर ते का फासलं ते विचारा. ई९२ एम३ (ई४६च्या नंतरची पिढी) असेल तर रॉड बेअरिंगसाठी ऑइलची लॅब तपासणी करतात, बेअरिंग झिजून ऑइलमध्ये उतरलेलं शिसं आणि तांबं बघतात. विकणाऱ्याने परवाच ऑइल बदललं असेल तर त्या नमुन्यातून काहीच कळत नाही.

रंगाचंही तेच. रंगाची जाडी मोजणारं मीटर घेऊन फिरणारे खूप. कंपनीचा रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉन. ३००च्या वर गेला तर पुन्हा रंगवलाय, १०००च्या वर म्हणजे खाली पुट्टी. पण पोलादासाठीचं मीटर अॅल्युमिनियमच्या बॉनेटवर चालत नाही, आणि कार्बनवर तर दोन्ही धातू ओळखणारंही चालत नाही.

मागचा_धुरा:

म्हणजे तपासणी हवी हे तुम्हीच सिद्ध करताय.

टॉर्क_रेंच:

तपासणी हवी, पण कुणीही उठून गाडी खोलायची नाही. लेखी अटी असतील आणि टप्प्याटप्प्याने होणार असेल तर माझी हरकत नाही. आधी न खोलता होणारं सगळं: ईसीयू, रंग, थंड स्टार्ट, लिफ्टवर खालून नजर. तिथेच गाडी नापास झाली तर प्लगला हात लावायचा नाही. पास झाली तरच बोअरस्कोप आणि लीकडाउन.

सहा_सिलिंडर:

हा क्रम योग्य आहे. ईसीयू वाचताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा, व्होल्टेज पडलं की भलतेच फॉल्ट दिसतात. आणि रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारी यादी) बघा. सगळे ‘अपूर्ण’ असतील तर फॉल्ट कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. विकणाऱ्याला गाडी नेहमीसारखी काही दिवस चालवू द्या आणि मग पुन्हा वाचा. तोवर टोकनही देऊ नका.