बांधावर कोणतं झाड लावू? पन्हाळा तालुका, तांबडी माळजमीन

माळावरचा:
रान दोन एकर, उताराचं, मुरमाड. पावसाळ्यात नाचणी नाहीतर भुईमूग. माती तपासली तर सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या पाल्याशेणाचा अंश) ०.४ टक्के, म्हणजे कमीच. शेणखत विकत घेऊन घालायचं परवडत नाही. बांधावरच्या झाडांनी जमीन सुधारते म्हणतात, कुणाचा अनुभव? चुलते म्हणतात निलगिरी लाव, पैसे तरी होतील.

गुऱ्हाळवाला:
पैशासाठी निलगिरी लावा की, मातीसाठी नको. पाला लवकर कुजत नाही आणि बांधाकडेच्या चार ओळींचं पाणी तीच पिते. तुमच्या रानाला गिरिपुष्प लावा, आपली उंदीरमारी. मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतात. गाठ फोडून बघा, आत गुलाबी असली तर काम चालू आहे.

पण दादा, झाड नुसतं उभं करून भागत नाही. छाटायचं आणि पाला रानात गाडायचा. टनभर ओल्या पाल्यात नत्र साधारण ६-७ किलो, आणि युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २० किलोच्या वर. म्हणजे तीन टन पाला तेव्हा एक पोतं, तेही सगळं पहिल्याच पिकाला लागू होत नाही. तोंड वाकडं करू नका. युरियानं जमीन भुसभुशीत होत नाही, पाल्यानं होते, ओलही टिकते. कर्बाचा आकडा मात्र एका हंगामात हलायचा नाही.

कृषी पदवीधर:
वरचं बरोबर. भर एवढीच, की झाड स्फुरद (फॉस्फरस) तयार करत नाही. खोल मुळांनी थोडं वर आणेल तेवढंच. तांबड्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद धरून बसतात, म्हणून सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) मोकळं विस्कटू नका, कुजलेल्या खतात मिसळून ओळीत द्या. पुढच्या वेळी नमुना झाडाखालचा घेऊ नका, आकडा फसवा येतो.

कृष्णाकाठ:
आमच्या शिरोळकडं जमीन क्षारपड आहे, मीठ वर आलंय. सुरूचं झाड लावून जमीन सुधारेल का?

कृषी पदवीधर:
नुसत्या झाडानं नाही. सुरू क्षार सोसतं, थोडं पाणीही ओढतं. पण आधी निचरा. चर काढा नाहीतर जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाका, झाडं त्यानंतर.

माळावरचा:
उंदीरमारी शेळ्या खातात का? आणि सावली?

गुऱ्हाळवाला:
शेळ्या खातात, पहिल्यांदा नाक मुरडतात, जरा सुकवून टाका. घोड्याला मात्र घालू नका. जूनमध्ये पहिल्या पावसावर हातभर लांब, जाड काड्या खोचा, बियाण्याचं रोप मिळालं तर अजून चांगलं, मूळ खोल जातं. कमरेएवढ्या उंचीवर छाटत राहिलात तर सावलीचा त्रास नाही. उंच वाढवायचं असेल तर उत्तरेचा बांध धरा, हिवाळ्यात सावली शेजाऱ्याच्या रानात पडते. त्याला आधी विचारा म्हणजे झालं.